पेटीतली सनई

बायको गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं पांडेसऱ्यातल्या आमच्या चाळीच्या दारात गवार मोडत बसलो होतो. समोरचा बँडवाला कीबोर्डावर सनई वाजवत होता. वाजवताना त्याची जीभ कायम बाहेर. ही हसायची आणि मान डोलवायची.

तिचं तेरावं झालं तरी पठ्ठ्याची पेटी बंदच.

"का रे, पेटी मोडली का?"

"बाबा, तुमच्या घरात दुःख आहे."

"दुःख मला आहे, तुझ्या वायरींना नाही. वाजव!"

तो हसला. "ह्यात कुणी फुंकत नाही बाबा, तरी सनई आहेच. बोट ठेवलं की येते."

मला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्पीकरचं तोंड माझ्या दाराकडं वळवलं. मी गवार मोडायला बसलो, आणि मान तिच्यासारखीच डोलायला लागली.