गोडी हाय तवर

रंकाळ्यावर रोज सकाळी आमच्याबरोबर पळणाऱ्या त्या गृहस्थांना आम्ही सगळे मामा म्हणतो. शंभर किलोमीटरच्या शर्यतींचा विषय निघाला, की ते मोठ्यानं म्हणायचे, "मागं कुत्रं लागल्यालं न्हाई, मग एवढं पळायचं कशाला?" तरी गगनबावड्याच्या तसल्याच शर्यतीत त्यांनी माझ्याबरोबर नाव दिलं. शेवटची कमान समोर दिसत असताना मामा थांबले आणि त्यांनी छातीवरचा नंबर काढला.

"मामा, पाय धरला का?"

"न्हाई की. अजून पळायची गोडी हाय, तवरच थांबतो. तुम्ही व्हा पुढं."

मी शर्यत पुरी केली. गळ्यात पदक पडलं, तेव्हा पळण्याचा मला वीट आला होता. मामा रस्त्याच्या कडेला उभे राहून मागून येणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवत होते.