मधली खुर्ची आणि डावा कान

आमच्या हॉलमध्ये बसायला नऊ जागा आहेत. ऐकायला मात्र एकच.

हा शोध आमच्या ह्यांचा. दोन स्पीकर आणि त्यांच्यापासून सारख्या अंतरावर एक खुर्ची, असा समभुज त्रिकोण त्यांनी टेप लावून फरशीवर आखला आणि खुर्चीच्या चारही पायांशी खडूच्या खुणा केल्या. (मी शाळेत गणित शिकवते. सव्वीस वर्षांच्या संसारात ह्यांनी भूमितीत रस घेतला तो हा एकदाच!) त्या खुर्चीत बसलं, की म्हणे संगीत आपल्यासमोर येऊन उभं राहतं. बाकीच्या आठ जागांवर नुसता आवाज येतो.

पन्नाशीत माणसं गुडघे जपायला लागतात, सकाळी फिरायला जातात. ह्यांनी प्रोग्रेसिव्ह रॉक आणि जॅझ फ्यूजन सुरू केलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे ज्यातलं एक गाणं संपेपर्यंत वरण-भाताचा कुकर होऊन उघडतो. आणि जॅझ फ्यूजन म्हणजे ज्यात पाच जण पाच वेगवेगळ्या गोष्टी एकदम वाजवतात आणि शेवटी लोक पाचांनाही शाबासकी देतात.

माझी काही तक्रार नव्हती. नवरा घरात बसून जुन्या रेकॉर्डी ऐकतोय, तर ऐकू दे. तक्रार सुरू झाली ती त्या खुर्चीत नीलिमा मॅडम बसल्या तेव्हा.

मुकुंदवाडीकडे राहणाऱ्या ह्या मॅडम आर्किटेक्चर शिकवतात. हातमागाची साडी, कोपरापर्यंत बाह्या, चष्मा कायम डोक्यावर. (डोळ्यांवर का नाही, हे मी कधीच विचारलं नाही. उत्तर सुंदर असणार याची भीती वाटायची.) दर रविवारी सकाळी अकरा वाजता ह्यांचे चार-पाच संगीतवेडे स्नेही आमच्याकडे जमायचे. त्यांचा रिवाज असा, की सुई ठेवण्याआधी एकाने अल्बमबद्दल दोन शब्द बोलायचे, आणि जो बोलेल त्याला त्या दिवसापुरती मधली खुर्ची. सलग पाच रविवार मॅडमच बोलल्या. पाचही रविवार मॅडमच मध्ये बसल्या. डोळे मिटून त्या पुटपुटायच्या, "आहा, हे सातात गेलं बघा!" आणि आमचे हे अशी मान डोलवायचे, जशी ती माझ्या पुरणपोळीवरही कधी डोलली नाही.

सहाव्या रविवारी तर ह्यांनी मॅडमसाठी स्वतः चहा केला! गॅसचं बटण कोणत्या बाजूला फिरवतात हे मला हाक मारून विचारणारा माणूस! त्यात आलं घातलं होतं. किसून!

चहा पिता पिता ह्यांनी एक रेकॉर्ड वर धरली. कव्हरवर वाळवंट, वाळवंटात जिना, जिन्यावर मासा. "ही तीन आठवड्यांनी ऐकू. पहिल्या बाजूला एकच तुकडा आहे, तेवीस मिनिटांचा. दोन शब्द कोण बोलणार?" विचारलं सगळ्यांना, पण बघत होते मॅडमकडे.

"मी," मी पोह्यांच्या बशा ठेवत म्हणाले.

"तू?"

"का? मला तोंड नाही?"

"तोंडाचं कोण म्हणतंय?" हे म्हणाले. "ऐकावं लागतं गं आधी. खूप ऐकावं लागतं."

"वा, संध्याताई! किती छान!" मॅडम म्हणाल्या. "काही अडलं तर मला विचारा हं."

तो 'हं' मला आठ दिवस टोचत होता.

दुसऱ्या दिवशीपासून अभ्यास सुरू केला. ह्यांनी तो अल्बम मोबाईलवर टाकून दिला आणि वायरवाले इअरफोन दिले. आता तेवीस मिनिटं हातावर हात ठेवून बसायला मी काही मॅडम नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात, दारावरची बेल ऐकायची असते, दूध उतू जायच्या आधी जो बारीक आवाज येतो तो पकडायचा असतो. म्हणून मी सरळ वाटणी केली : डावा कान कलेला, उजवा घराला. डावं बोंडूक कानात, उजवं गळ्याशी लोंबत. मोठा अभिमान वाटला मला ह्या व्यवस्थेचा. दोन्ही कान एकाच कामाला जुंपायचे म्हणजे निव्वळ उधळपट्टी!

त्या दिवसांत ह्यांच्या आत्या सोयगावहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहिल्या होत्या. ऑपरेशन झाल्यावर काळा चष्मा लावून त्या स्वयंपाकघराच्या दारात बसायच्या.

"संध्ये, मगापासून मान कामून हलवायलीस गं?"

"गाणं ऐकतेय आत्या."

"गाणं व्हय? मला वाटलं, अंगात यायलंय. आन् बोटं कामून मोजायलीस?"

"ताल आहे तो. सातात आहे."

"मंग आठवा कुठं गेला?"

"ह्या लोकांत आठवा नसतो."

"लई गरीब हायेत का?"

मी कुकर उतरवला आणि तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला.

हळूहळू मला खरंच कळायला लागलं, हे सांगितलंच पाहिजे. ड्रम कुठे थबकतात, खर्जातलं गिटार कुठे चालायला लागतं, ऑर्गन कुठे येऊन बसतो, सगळं पाठ झालं. गुलमंडीत ब्लाउजला अस्तर घ्यायला गेले तेव्हाही डाव्या कानात तेच चालू होतं.

"कितना दूं भाभी?" दुकानदाराने कापड उलगडत विचारलं.

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात," मी म्हणाले. समेवर हात आपटला.

त्याने सात मीटर कापलं! एका ब्लाउजला सात मीटर अस्तर! कापलेलं कापड कोणी परत घेत नाही. पुढे आमच्या कॉलनीतल्या चार बायकांचे ब्लाउज आतून एकाच रंगाचे झाले, त्यामागचं कारण हे.

पण माझा खरा शोध वेगळाच होता. तेराव्या मिनिटाला त्या तुकड्यात सगळं शांत व्हायचं. ड्रमची नुसती बारीक टिकटिक, बाकी काही नाही. पूर्ण तीन मिनिटं! एवढ्या गोंगाटाच्या मधोमध एवढं मौन! मी भारावून गेले. परीक्षेचे पेपर तपासायचे बाजूला ठेवून त्या मौनावर दीड पान लिहून काढलं आणि आरशासमोर पाठ केलं. मॅडमच्या सातावर माझे हे तीन भारी पडणार होते.

तो रविवार उजाडला. मंडळी जमली, आत्यासुद्धा काळा चष्मा लावून बसल्या. ठेवणीतली साडी नेसून मी उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या तोंडासमोर सलग सहा मिनिटं बोलले, तेही त्याने मध्ये न तोडता!

"ह्या तुकड्यात मुख्य गिटार नाही," मी म्हणाले. "एकदाही नाही! ज्या संगीतात गिटारवाले एकमेकांना ढकलून पुढे येतात, तिथे ह्यांनी तो मोह आवरलाय. आणि तेराव्या मिनिटाला तर ते आपल्याला तीन मिनिटांचं मौन देतात. देवळाच्या गाभाऱ्यासारखं! ते आलं की मी खूण करीन. कृपया कोणी खोकू नये."

हे कव्हर उलटंपालटं करून बघायला लागले. नीलिमा मॅडमनी डोक्यावरचा चष्मा काढून डोळ्यांवर घातला. मला वाटलं, जिंकले!

मी रुबाबात मधल्या खुर्चीत बसले. ह्यांनी सुई ठेवली.

पहिला सूर गिटारचा होता.

उजव्या स्पीकरमधून आला तो. पाठोपाठ त्याच बाजूने एक सॅक्सोफोन आला. माझी आणि त्या सॅक्सोफोनची आयुष्यातली ही पहिलीच भेट! डावीकडे माझी ओळखीची मंडळी, ऑर्गन आणि खर्ज, गुपचूप आपापली कामं करत होती, आणि उजवीकडे हा सगळा परक्यांचा गाव. मी गळ्याशी हात नेला. जिथे तीन आठवडे ते उजवं बोंडूक लोंबत होतं, तिथे. आणि लख्ख कळलं. अर्धा बॅंड माझ्या ब्लाउजमध्ये वाजत होता!

त्यात भर म्हणजे बाजू संपेपर्यंत मोठ्याने बोलायचं नाही, हा मंडळींचा नियम. पोबारा करायचीही सोय नाही. तेरावं मिनिट जवळ येऊ लागलं. सगळे माझ्या खुणेची वाट बघत होते. सवयीने माझं बोट आपोआप ओठांवर गेलं.

आणि मौन आलं! झाकण न लावता मिक्सरमध्ये ओली चटणी फिरवावी, तसं ते गिटार किंचाळायला लागलं. एक मिनिट. दोन मिनिटं. पुरती तीन मिनिटं! मी ओठांवर बोट ठेवून तशीच बसले होते.

"अन्या," आत्या ह्यांना म्हणाल्या, "गाभारा हाच व्हय रं?"

बाजू संपली. कोणी माझ्याकडे बघेना. शेवटी नीलिमा मॅडम जवळ आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळुवारपणे म्हणाल्या, "संध्याताई, तुम्हाला उजव्या कानाने ऐकू येत नाही का?"

माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. एक तर सांगायचं, की हे थोर संगीत मी शेंगदाणे भाजत एका कानाने ऐकलं. नाहीतर बहिरं व्हायचं.

"लहानपणी विहिरीत पोहताना पाणी गेलं होतं," मी म्हणाले.

"अगं, सव्वीस वर्षांत बोलली नाहीस!" हे कळवळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तसं ते माझ्या गॉल ब्लॅडरच्या ऑपरेशनलाही आलं नव्हतं. "अर्धं ऐकू येत असताना माझ्यासाठी एवढा अभ्यास केलास!"

झालं! त्या दिवसापासून मधली खुर्ची कायमची माझी. ह्यांनी फरशीवरच्या खडूच्या खुणा पुसून तिथे पेंट मारला. चहाही मिळतो, आलं किसून. फक्त शिक्षा म्हणून नीलिमा मॅडम माझ्या डाव्या बाजूला बसतात आणि नियम मोडून, केवळ माझ्यासाठी, प्रत्येक ताल मोठ्याने समजावून सांगतात. कानाच्या डॉक्टरकडे जायचं मी पाच महिने पुढे ढकलतेय. शाळेतही ही बातमी पोचलीय. उजवीकडच्या बाकांवरची मुलं आता परीक्षेत खुशाल बोलतात.

गेल्या आठवड्यात आत्या दुसऱ्या डोळ्यासाठी आल्या. रविवारी त्या माझ्या उजवीकडे बसल्या, त्यांच्या पलीकडे हे. रेकॉर्ड सुरू होती. आत्यांनी विचारलं, "अन्या, खरं सांग. तुला तरी काय समजायलंय का रं ह्यातलं?"

ह्यांनी माझ्या उजव्या कानाकडे एकदा बघून घेतलं आणि अगदी निर्धास्तपणे म्हणाले, "शप्पथ सांगतो आत्या, काही नाही. दोन वर्षं झाली. आधी मॅडमसमोर कबूल करायची लाज वाटायची, आता हिच्यासमोर वाटते."

"मंग बंद कर की बाबा!"

"कसं करू? हिला लई आवडतं ना!"

"संध्याताई, बघा, आता सात!" डाव्या बाजूने मॅडम ओरडल्या.

मी मान डोलवली. दुसरं काय करणार? ज्या संगीतापायी मी तीन आठवडे जळून खाक झाले, त्यातलं निदान निम्मं तरी समजलेलं माणूस आमच्या घरात एकच आहे. आणि त्याने, अख्ख्या कॉलनीच्या माहितीनुसार, ह्यांची ही कबुली ऐकलेलीच नाही.