शीग लावलेलं वय

बकाराम मिस्त्री भोंगा व्हायच्या आधीच घरी आला, तेव्हाच सुलोचनाबाईच्या काळजात चर्र झालं. गोंदियाच्या छोट्या लाईनच्या शेडमध्ये इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. अंगात ताप असला तरी भोंगा झाल्याशिवाय तो शेडबाहेर पाय टाकत नसे. आणि आज भर दुपारी दारात उभा, हातात जेवणाचा डबा, तोही भरलेला! रेल्वेच्या चाळीत भरलेला डबा परत आला की बाया आधी देवाचं नाव घेतात. सुलोचनाबाईनं आधी नवऱ्याचे हात पाहिले. दहाही बोटं जागेवर होती.

"काय झालं वो?"

"रिटायर केलन मले साहेबानं," बकाराम म्हणाला आणि उंबऱ्यावरच बसला.

सुलोचनाबाई हसली. खरंच हसली. रिटायर झालेली माणसं तिनं चाळीत पाहिली होती. त्यांचे दात पडलेले असत आणि कंबर वाकलेली असे. हा तिचा नवरा कालपर्यंत दोन माणसांचं ओझं एकट्यानं उचलत होता.

"तुमाले काऊन रिटायर करतील? थट्टा करून राहिले काय?"

"पचपन झाले मनते बाबू. या महिन्याच्या आखरीले हत्यारं जमा करा मनते. अन् हे कोटर बी खाली करा."

तिचं हसू तोंडावरच थिजलं. आत खाटेवर बसून तिची सासू धुरपताबाई बोटानं दातांना गुडाखू चोळत होती. तंबाखू आणि गुळाची ती काळी लुगदी तिला सकाळ-संध्याकाळ लागायचीच. बोट तोंडातून काढून ती कडाडली, "कोनाचे पचपन? मोठ्या दुकाळानंतर चार वर्सांनी माया बका झाला. आता कोठी पन्नाशी लागली त्याले! त्या बाबूच्या डोयात माती पडली काय?"

दुसऱ्या दिवशी बकाराम सुलोचनाबाईला घेऊन ऑफिसात गेला. एकट्यानं जायची त्याची हिंमत नव्हती. बाबू काही वाईट माणूस नव्हता. त्यानं जुनी फाईल शोधून काढली, वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला. "मिस्त्री, भरती के टाइम तुम्हारी उमर बीस साल लिखाई गई है. तुम्हारी माँ ने लिखाई. अब हम क्या करें?"

आता कोणी म्हणेल, माणसाला स्वतःचं वय माहीत नसतं का? नसतं. त्या काळी गावाकडं वय दुकाळावरून आणि पुरावरून मोजत, आणि तेही पोरीच्या लग्नापुरतं. बकाराम भरती झाला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. बाप मेलेला, घरात दाणा नाही. धुरपताबाई पोराला घेऊन अर्जुनीकडच्या गावाहून चालत गोंदियाला आली होती. फाटकावरच्या शिपायानं तिला आधीच सांगून ठेवलं, बाई, अठरा पुरी पाहिजेत. पोरगा अंगानं दांडगा, पण ओठावर मिशीचा पत्ता नाही. साहेबानं विचारलं तशी धुरपताबाईनं छातीठोकपणे सांगितलं, वीस. अठरा सांगितली असती तरी भागलं असतं. पण आमच्याकडं धान मोजताना माप सपाट देणं हलकटपणाचं समजतात. वर दाण्यांची शीग लावूनच द्यायचं. बाईनं पोराचं वयही तसंच शीग लावून दिलं.

बकारामला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याला वाटत होतं की माय तेव्हा काहीतरी बोलली आणि ते तिथंच हवेत विरलं. साहेब लोक बोललेलं लिहून ठेवतात आणि लिहिलेलं जपून ठेवतात, हे त्या मायलेकांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ऑफिसातून परतताना तो सुलोचनाबाईला एवढंच म्हणाला, "मायले सांगजो नोको."

आणि मग काटछाट सुरू झाली. पेन्शन काही नव्हती. फंडाची एक रक्कम हाती आली, ती सुलोचनाबाईनं पेटीत ठेवली आणि पेटीची किल्ली कमरेला लावली. त्या रकमेकडून तिला एकच गोष्ट हवी होती. दोन पोरं मातीआड केल्यावर जगलेली तिची एकुलती एक पोरगी, प्रेमिला, दहावीत होती. अकरावी पास होऊन मॅट्रिक झाली की ती मास्तरीण होणार होती. बाई मास्तरीण पाहिजे म्हणून शाळावाले पायघड्या घालत होते. म्हणजे दोन उन्हाळे काढायचे. गावी परत जावं तर धानाची अर्धी बांधी होती आणि छप्परही होतं. पण गावात चौथीच्या पुढं शाळा नव्हती. तेव्हा गोंदिया सोडायचं नाही, हे सुलोचनाबाईनं मनाशी पक्कं केलं.

क्वार्टर सोडून ते राइस मिलच्या मागं एका खोलीत आले. साखर गेली, गूळ आला. मग गुळाचा चहाही फक्त पाहुण्यासाठी उरला. बकारामची बिडी गेली. साबण गेला आणि त्याच्या जागी चुलीतली राख आली. दिवा एकच लागायचा, तोही प्रेमिलाच्या पुस्तकापुढं, म्हणून बाकीची माणसं दिवस बुडायच्या आत जेवून घेत. गावाहून घरचा चिन्नूर तांदूळ यायचा. शिजला की गल्लीभर वास सुटायचा. तो बारीक तांदूळ सुलोचनाबाईनं व्यापाऱ्याला घातला आणि त्याच्या बदल्यात मिलमधली कनी, म्हणजे तुटका तांदूळ, घरी आणला. स्वतःच्या शेताचा तांदूळ स्वतःच्या हातानं दुसऱ्याच्या पोत्यात ओतला. रेल्वेच्या मिस्त्रीची बायको ती! आपण हे करतोय यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

सगळं कापलं, फक्त दोन गोष्टींना तिनं हात लावला नाही. एक प्रेमिलाची फी, दुसरी सासूची गुडाखू. म्हातारीच्या जन्माला तेवढीच एक चैन होती.

बकाराम मात्र दगडासारखा झाला होता. मिलवाले म्हणाले, धान येऊ द्या, हंगामात चार महिने रोजीवर घेऊ. तोवर तो खाटेवर बसून राही. शेडचा भोंगा झाला की उठे, चपला घाले आणि पुन्हा काढून ठेवी. ते पाहिलं की सुलोचनाबाईला रडूच यायचं, म्हणून भोंग्याच्या वेळेला ती विहिरीवर जायची.

एके दिवशी जेवताना धुरपताबाईचं तोंड सुटलं. "हे का भात होय? कोंबड्याले टाकतेत असली कनी! त्या बाबूले किडे पडतीन. माया पोराची पाच वर्सं खाल्लन मेल्यानं!"

बकारामनं ताट सरकवलं. चार महिने दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं.

"त्या बाबूले काऊन सराप देऊन राहिली? साहेबापुढं वीस कोन बोललं होतं? तूच ना! तूच सांगतलीस ना माय, वीस?"

इतकी तोंडाळ बाई, पण तिच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. ती एकदा लेकाकडं बघे, एकदा सुनेकडं. तिला ते आठवलं, हे तिच्या डोळ्यांतच दिसलं. बकाराम लगेच वरमला. "जाऊ दे माय. तू नसती बोलली तं मी उपाशी मेलो असतो," असंही म्हणाला.  म्हातारीनं समोरची कनी शेवटच्या शितापर्यंत खाल्ली, भिंतीला धरून उठली आणि गुडाखूची डबी आणून सुनेच्या पुढ्यात ठेवली.

"हे का मामीजी?" सुलोचनाबाईनं विचारलं. सासूला मामीजी म्हणायची तिकडची रीत.

"मले नाई पायजे आता."

साठ वर्षांची सवय तिनं त्या दिवसापासून टाकली. पुढं आठवडाभर ती डोकं धरून बसे, हातपाय कापत, पण डबीकडं तिनं पाहिलं नाही. सुलोचनाबाईला धक्क्यावर धक्के बसत होते, पण हा सगळ्यांत जिव्हारी लागला.

दिवाळी झाली आणि सुलोचनाबाईचा भाऊ खुशाल आला. खुशाल प्रेमळ होता. प्रेमळ माणूस हिशोब सांगायला बसला की त्याला घराबाहेर काढता येत नाही, हीच पंचाईत.

"भाऊजी, किती दिवस कनी खासान?" तो बकारामला म्हणाला. "पोरगी सोळाची झाली. नागऱ्याकडचे दुलीचंदजी पोरासाठी पोरगी पाहून राहिले. धानाची शेती हाय, घरचे बैल हायेत, अन् देनंघेनं काई नाई मनतेत. फंडाचे पैसे हायेत तवर उजवून टाका. घरचं एक ताट कमी होईन."

एक ताट कमी! चहा, साबण, बिडी, तांदूळ आणि आता पोरगी!  संतापानं सुलोचनाबाईला भावाला हाकलून द्यावंसं वाटलं. पण खुशालच्या हिशोबात तिला कुठं चूक सापडेना, आणि तेच तिला खात होतं. पेटी उघडली की तळ दिसू लागला होता. प्रेमिला म्हणाली, "आई, मी एकच वेळ जेवीन, पन शाळा नोको सोडवू." सुलोचनाबाईनं आशेनं नवऱ्याकडं पाहिलं. बकाराम खाली मान घालून म्हणाला, "येऊ तं दे त्याईले. पाहून जाऊ दे."

पाहुणे आले. दुलीचंदजी भारदस्त माणूस, नवीनच पंच झालेला, त्यामुळं खुर्ची नसली तरी खुर्चीत बसल्यासारखा बसणारा. कित्येक दिवसांनी घरात साखरेचा चहा झाला. प्रेमिला पोह्यांच्या बशा घेऊन आली. तिचे डोळे रडून सुजले होते, पण ते लाजेनं खाली घातलेत असं समजून दुलीचंदजी खूश झाले. त्यांनी शाळेचं विचारलंच नाही. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, येते का, एवढं विचारलं. खुशालनं तिच्या वतीनं होकार दिला. सगळं जमल्यातच जमा होतं. सुलोचनाबाई चुलीपाशी बसून पदर तोंडात कोंबून ऐकत होती.

"वय किती मनलं पोरीचं?" उठता उठता दुलीचंदजींनी सहज विचारलं.

"सोळा सरलीत," खुशाल म्हणाला.

"काई सरली नाई!" कोपऱ्यातून आवाज आला. धुरपताबाई. सकाळपासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. "बारा सरलीत. औंदा तेरावं लागलं."

 प्रेमिलानं मान वर करून आजीकडं पाहिलं.

"अवो माय, काई बी काय बोलता!" खुशाल ओरडला. "दहावीत हाय ते!"

"हुशार हाय, दोन दोन यत्ता संगंच गेली वर. अन् हाडानं थोराड हाय, बापावर गेली. हिचा बाप पंधराचा होता तं साहेबाले वीसचा दिसला." म्हातारीनं बकारामकडं बोट दाखवलं आणि खुशालवर डोळे वटारले. "माया हातावर जन्मली पोट्टी. नाळ मीनं कापली. मले नाई मालूम, अन् तुले मालूम?"

दुलीचंदजी हळूच पुन्हा खाली बसले. पंधराच्या आतल्या पोरीचं लग्न लावलं तर सरकार खटला भरतं, हे नव्या पंचाला कोणी सांगायला नको होतं. त्यांनी बकारामला विचारलं, "मिस्त्री, खरं काय ते तुमीच सांगा."

 बकाराम मायकडं बघत राहिला. जन्मात तो कोणाशी खोटं बोलला नव्हता. एकदा त्याच्या नावानं बोललं गेलं होतं, आणि त्यावर पस्तीस वर्षं हे घर जेवलं होतं.

"वयाचं मायलेच मालूम," तो म्हणाला. "माया बी वयाचं तिलेच इचारलं होतं साहेबानं."

दुलीचंदजी दोनतीन वर्षांनी पाहू म्हणाले आणि टोपी सारखी करून निघाले. खुशाल रागानं त्यांच्या मागं गेला. जाताना बहिणीला म्हणाला, "बाई, या बुढीनं तुमचा गळा कापला."   सासू म्हणजे देवाधर्माची बाई, नागऱ्याच्या महादेवाला उपास धरणारी, आणि त्याच नागऱ्याच्या पाहुण्याच्या तोंडावर एवढं धडधडीत खोटं!

"मामीजी," सुलोचनाबाई म्हणाली, "हे का केलं तुमीनं?"

धुरपताबाई थकून खाटेवर आडवी झाली होती. तिनं डोळे मिटूनच सांगितलं, "बकाची पाच वर्सं मीनं खाल्ली, बाई. मनून हिची परत करून राहिली. पोट्टे, पुस्तक घे. दिवस हाय तवर वाच, तेल जाते."

प्रेमिला पुस्तक घेऊन दारात उजेडाला बसली.  मग बकारामनं चपला घातल्या. भोंगा झाला नव्हता. "मिलवाल्याकडं जातो," तो म्हणाला, "आजपासूनच घे मनतो."

सुलोचनाबाईनं कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली आणि दुकानावर जाऊन आली. इतक्या महिन्यांत घरखर्चातून नुसतं कमीच होत आलं होतं. आज पहिल्यांदा एक वस्तू वाढली. गुडाखूची नवी डबी तिनं सासूच्या उशाशी ठेवली. म्हातारीनं वासावरूनच ओळखलं आणि ती उठून बसली.

"कायले आनलीस? पैसे लई झाले काय तुले?" ती सुनेवर खेकसली आणि बोट पुढं केलं.