तक्रार नाही

माणूस खरं बोलतोय यावर माझा चटकन विश्वास बसत नाही. नवरा म्हणतो, “तू प्रसादाचीही पावती मागशील.” मागेनही.

गोचिडांमुळे गुरांकडून माणसांत येणाऱ्या एका नव्या तापावर आम्ही जयपुरात औषध तपासत होतो. ते अंगाला सोसतं का हे बघायला आठ धडधाकट माणसं रोज गोळी घ्यायची आणि काय त्रास झाला ते वहीत लिहायची. त्रास नसला, तर सोमवारपासून पुढच्या आठजणांना दुप्पट गोळी मिळणार होती.

आठही वह्यांत चौदा दिवस एकच शेरा: तक्रार नाही. साधी डोकेदुखीसुद्धा नाही? मे महिन्यात, जयपुरात? वह्या गोळा करणाऱ्या सहकारी बाईंना मी फैलावर घेतलं. “घरी बसून तुम्हीच भरल्यात ना?” त्या रडल्या. मला तेही नाटकच वाटलं. आजही त्याची लाज वाटते.

मग वजनाचा तक्ता काढला. मुरलीपुऱ्यातला एक दूधवाला दोन आठवड्यांत चार किलो उतरला होता, आणि वहीत मात्र भूक उत्तम! शनिवारी सकाळी न कळवता मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. त्याची बायको म्हशीला चारा टाकत होती.

“आठ दिन से रोटी देखते ही उल्टी करते हैं जी,” ती सहज बोलून गेली.

तो आतून धावत आला, पण उशीर झाला होता. “लिख देता तो आप दवाई बंद कर देते, मैडमजी. छोटा भाई इसी बुखार में गया.”

“और बाकी सात?”

“सबके घर से कोई न कोई गया है.”

हे मला माहीत होतं. निवड मीच केली होती. ज्यांनी या तापात घरचं माणूस गमावलंय ते तरी खोटं लिहिणार नाहीत, अशी माझी खात्री होती. उभ्या आयुष्यात डोळे मिटून विश्वास ठेवला तो नेमका इथे. औषध बनायलाच हवं म्हणून ही माणसं मुकाट ओकत होती, आणि परवा आणखी आठजण दुप्पट ओकणार होते, कदाचित त्याहून वाईट.

अंगणातूनच मी ऑफिसला फोन लावला. त्याने हात जोडले.

“मैं और उल्टी कर लूँगा, मैडमजी. बंद मत कराओ.”

तरी पलीकडून आवाज येताच मी सांगितलं, सोमवारची गोळी थांबवा.