काचेवरचा लाल ठिपका

जुन्या गाड्यांचे मीटर दुरुस्त करणाऱ्या काटेमामांना डागाचा भारी तिटकारा. एका बाईंनी वारलेल्या वडिलांच्या गाडीचा पेट्रोल-मीटर आणला. मामांनी काटा बिनचूक केला, तबकडी उजळली आणि काचेवरचा लाल ठिपकाही खरवडून टाकला.

न्यायला आलेल्या बाई मीटरकडे बघतच राहिल्या. "मामा, इथला ठिपका?"

"घाण होती ती. काढली."

"काटा खोटं दाखवायचा हो. पेट्रोल खरं कुठे संपतं, तिथे बाबांनी खूण केली होती. माझं नेलपॉलिश चोरून."

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी घाईघाईने लाल रंगात ब्रश बुडवला. "तस्साच लावून देतो, ताई."

ब्रश काचेपाशी येऊन थांबला. काटा आता खरं सांगत होता. ठिपका लावायचा तरी कुठे?