आतली शिट्टी

खुर्ची पुढे केली तरी ते बसायचे नाहीत. उभ्याउभ्याच गुडघा हलवत म्हणायचे, "म्याडम, आधी ती आतली शिट्टी बंद करा. बाकीचं मागनं."

मी हिंजवडीत कान तपासते. हे माले गावाकडचे डीजेवाले. लग्न असो, वरात असो, हयात स्पीकरच्या बॉक्सला खेटून उभं राहण्यात गेलेली. असे लोक तुम्हीही पाहिले असतील; आपण कानावर हात ठेवतो आणि हे आणखी जवळ जातात.

पहिल्या तपासणीला त्यांना बंद खोलीत बसवून हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. या गृहस्थांनी सपाटाच लावला.

"काका, मी अजून काही वाजवलंच नाही."

"न्हाई कसं? वाजतंय की हितं," म्हणत त्यांनी पुन्हा दाबलं. मला आधी हसू आलं, मग कळलं, ते त्या शिट्टीलाच बटण दाबत होते.

मी समजावत बसले. आतल्या कानात खारट पाणी असतं, त्यात पेशींवर बारीक लव. आवाजानं पाणी हललं की लव वाकते, तिच्यावरची इवली दारं उघडतात, पाण्यातले विद्युतभार असलेले क्षारांचे कण आत घुसतात. त्या भारानं पेशी चेतते आणि नसेला खबर देते. "तुमच्या बॉक्सनी ती लवच झोपवली. खबर येत नाही म्हणून मेंदू स्वतःच शिट्टी वाजवतो."

"मग भातावानी परत लावा की."

"भात परत लावता येतो. ही लव नाही."

गुडघा थांबला. "म्हंजी लेकीचं फोनवरचं निम्मं उडतंय, ते त्यामुळंच?"

त्यामुळंच. बारीक आवाज आधी जातात. मी बजावलं, कानाला ऐकायचं मशीन लावा आणि बॉक्सपासून लांब राहा, नाहीतर उरलेलंही जाईल.

"मशीनवाल्या डीजेवाल्याला सुपारी कोन देईल? पोरीचं लगीन हुंद्या, मग बंदच करतो."

मी जाम चिडायचे. माझं चिडणं वाढलं की घरचा इंद्रायणी तांदूळ पाठवून द्यायचे. येत मात्र नसत.

लेकीच्या लग्नाला मला आग्रहानं बोलावलं. मांडवात एकही बॉक्स नव्हता. मशीन पहिल्यांदाच कानात घातलेलं. "आज समदं ऐकायचंय," म्हणाले आणि दिवसभर एका जागी टिकले नाहीत.

पाठवणीला लेक गळ्यात पडली आणि रडत काहीतरी पुटपुटली. ते माझ्याकडे वळले. "म्याडम, काय म्हनली वो?"

मी शेजारीच होते. ती म्हणाली होती, "आण्णा, आता व्हिडिओ कॉलच करत जाईन. तोंड बघून तरी कळंल तुमाला."

मी ते मोठ्यानं सांगितलं. आण्णा हसले, मान डोलावली. तसं हसू मी रोज बघते. ऐकू न आलेला माणूस तसाच हसतो.