वैशाखात, सुमतीच्या तलावाकडे

रुमाल ही वस्तू दिसायला लहान असली, तरी आपल्या देशातला सगळा रेल्वेप्रवास तिच्यावर उभा आहे, असं माझं आजवर प्रामाणिक मत होतं. खिडकीतून आत टाकलेला रुमाल ज्या बाकावर पडेल तो बाक रुमालवाल्याचा. हा कायदा कुठेही लिहिलेला नाही, म्हणूनच तो सगळे पाळतात. आणि अशा कायद्याच्या राज्यात, नागपूरच्या भर इतवारी स्टेशनवर, नागभीडला जाणाऱ्या छोट्या गाडीत, माझ्या धुतलेल्या, इस्त्री केलेल्या रुमालावर एका गृहस्थाने टरबूज आणून ठेवलं.

"भाऊ, हा रुमाल माझा आहे," मी म्हणालो.

"असंन ना. मी कुठं नाही म्हणून राहिलो?"

"मी रुमालानं जागा धरली आहे."

"रुमालानं धरता येते, तं टरबुजानं काहून नाही? वजन कोनाचं जास्त आहे, तुमीच पाहा."

मी न्यायासाठी डब्याकडे पाहिलं. डब्याने टरबुजाच्या बाजूने कौल दिला. शेवटी मी बाकाच्या कोपऱ्यावर अर्धा बसलो, अर्धा टेकलो, आणि माझी बायको सुमती खिडकीशी बसून तोंडाला पदर लावून हसत राहिली. ती आनंदात होती, म्हणून मी पुढे भांडलो नाही. माहेरी चाललेल्या बाईच्या डब्यात मारामारी करणारा नवरा फार वर्षं सुखाने जगत नाही.

आता या प्रवासाचं कारण. आमचं एक मंडळ आहे, हे आमच्या या सायक्लोस्टाइल अंकाच्या वाचकांना ठाऊकच आहे; हा अंक चुकून हाती आलेल्यांसाठी सांगतो. वर्तमानपत्रांत वाचकांची पत्रं छापतात ना, त्या सदरात नेमाने लिहिणारी आम्ही माणसं. कोणी वर्ध्याचा, कोणी भंडाऱ्याचा, कोणी अमरावतीचा. वर्षानुवर्षं एकमेकांची नावं छापील वाचली, चेहरे पाहिले नाहीत. आम्हाला एकत्र आणलं ते देशकर सरांनी. सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी कुठल्याशा परदेशी साप्ताहिकात वाचलं, की कारखान्यांचा आणि मोटारींचा धूर हवेत गोधडीसारखा साचतो आहे आणि त्या गोधडीखाली सबंध पृथ्वी तापत चालली आहे. ही बातमी त्यांनी पहिल्यांदा जाहीर केली आमच्या महाल वस्तीतल्या पानठेल्यावर.

"पृथ्वी तापते आहे," सर गंभीरपणे म्हणाले.

ठेल्यावरचा बबन कात लावता लावता म्हणाला, "सर, हे तुमी नागपूरले सांगून राहिले का?"

सर हसले नाहीत. त्यांनी आम्हा सगळ्यांना पोस्टकार्डं टाकली. ठरलं असं, की एका रविवारी सगळ्यांची पत्रं निरनिराळ्या वर्तमानपत्रांत, एकाच विषयावर यावीत: ऊन आणि पाणी. एकटं पत्र म्हणजे तक्रार. सगळीकडून एकदम आलं तर निदान गलबला. अट एकच, आपल्या डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं. मी हिंगण्याच्या कारखान्यांच्या धुराड्यांवर हक्क सांगितला. सुमती मंडळात एकटीच बाई. ती म्हणाली, "मी आमच्या गावच्या तलावाचं लिहीन. तो कधीच आटत नाही. जपलं तर पाणी राहतं, हेही लोकांना कळू द्या."

सर खूश. "वहिनी, हे हवंच. बाकी सगळे रडणार आहेत. एक तरी भरलेला तलाव पाहिजे."

तेव्हापासून सुमतीला तो तलाव दिसायला लागला. बऱ्याच वर्षांत ती माहेरी गेली नव्हती. आई-वडील गेले, मग माझ्या बदल्या, मुलांच्या परीक्षा. निमित्तं काय, मागावी तितकी मिळतात. पण दर उन्हाळ्यात संध्याकाळी मी गच्चीवर पाणी मारतो. नागपुरात राहून गच्चीवर पाणी न मारता जो झोपतो, तो एकतर योगी किंवा भाडेकरू. तापलेल्या फरशीवर पहिली बादली उलटली की चर्र होतं, वाफ उठते, आणि सुमती जिन्याच्या तोंडाशी उभी राहून म्हणते, "पाळीवर संध्याकाळी हाच वास यायचा." पाळ म्हणजे तलावाचा बांध. त्यावर आंब्यांची रांग, खाली पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. शेवटच्या पायरीवर बसायचं आणि पाय पाण्यात सोडायचे, एवढीच तिची इच्छा. पिशवीत सगळ्यात वर तिने एक जुनं लुगडं ठेवलं होतं, तलावात डुबकी मारायला.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. गाडी सकाळची धरावी; दुपारच्या गाडीत माणूस भाजून निघतो. तिकीट दोघांच्या सिनेमाहून स्वस्त, आणि करमणूक जास्त. पाण्याची कॅनव्हासची छागल खिडकीबाहेर टांगावी, वाऱ्याने पाणी गार होतं; मात्र गाडी स्टेशनात थांबली की छागलीवर डोळा ठेवावा, कारण गार पाण्याला मालक फार. उमरेडला आलुबोंडे गरम मिळाले तर घ्यावेत, थंड असले तर पुढच्या प्रवाशांसाठी सोडावेत. भिवापुराच्या आधीपासूनच नाकात मिरची शिरते. रुळाच्या बाजूला वाळत घातलेल्या मिरच्यांचे लाल पट्टे दिसले की समजावं, जेवणात पाणी जास्त लागणार आहे.

टरबूजवाले गृहस्थ भिवापूरला उतरणार होते. उतरायच्या आधी त्यांनी खिशातून चाकू काढला आणि टरबूज माझ्याच रुमालावर कापलं.

"समध्याकडे, पोरीच्या सासरी, चाललो होतो घेऊन," ते म्हणाले. "पन तुमचा रुमाल दाबला, तं अर्धं तुमचं. कन्हान नदीच्या रेतीतलं आहे. खा वहिनी. कुठं, माहेरी का?"

"हो," सुमती म्हणाली. "तलाव पाहायला."

"या दिवसांत? पानी असंन का?"

"आमच्या तलावात असतं," सुमती म्हणाली, आणि एक बी खिडकीबाहेर उडवलं. तिला असं बी उडवताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

नागभीडला तिचा भाऊ, नामदेवदादा, बैलगाडी घेऊन आला होता. उन्हाने रस्ता पांढरा पडलेला. सुमती वाटभर विचारत होती, कोण आहे, कोण गेलं, कोणाची सून कशी. तलावाचं मात्र एकदाही विचारलं नाही. दादानेही सांगितलं नाही.

घरी पोचलो तेव्हा दादाच्या बायकोने, वहिनीने, दारात बादली आणि तांब्या ठेवला. पाहुणा आला की पाय धुवायला पाणी. त्या भागात यात कसूर नाही. सुमतीने दोन तांबे पायांवर घेतले आणि ती बाजूला झाली. मग माझी पाळी. मी पाय धुतले, तोंड धुतलं, मान धुतली, डोक्यावर तीन-चार तांबे ओतून घेतले, आणि तळाशी उरलेलं पाणी नागपुरी सवयीने अंगणात शिंपडून टाकलं. वासही छान सुटला. एवढं करून मी प्रसन्न चेहऱ्याने बादली उपडी ठेवली.

वहिनी क्षणभर त्या बादलीकडे पाहत राहिली. "आनखी पाह्यजे का, जावईबापू?"

"छे छे, पुष्कळ झालं," मी उदारपणे म्हणालो.

सुमती माझ्याकडे पाहत होती. वहिनीने डोक्यावर चुंबळ ठेवली, पाण्याच्या दोन रिकाम्या गुंड्या घेतल्या आणि उन्हात कुठेतरी गेली. जेवण फार उशिरा झालं. तांदळाची भाकर, झुनका आणि आंबील. चव अशी, की उशिराचं कारण विचारायचं मला सुचलंच नाही.

ऊन उतरल्यावर आम्ही पाळीवर गेलो. सुमती पुढे, बगलेत ते जुनं लुगडं. चढ चढून ती वर पोचली आणि थांबली. दादा आणि मी मागून आलो.

आंब्यांची रांग नव्हती. बुंधे होते, ओळीने. खाली पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांच्या पुढे भेगाळलेली जमीन, दूरवर. पार मध्यभागी एका डबक्यात म्हशी बसल्या होत्या. पलीकडच्या काठाकडे एक माणूस सायकल चालवत निघाला होता, तलावाच्या पोटातून.

"आंबे?" सुमतीने विचारलं.

"तोडले," दादा म्हणाला. "पाळ सरकारची, झाडं सरकारची, ठेकेदारही सरकारचाच. सावली तेवढी आमची होती, तिचं कोनी इचारलं नाही."

"आणि गाळ? बाबांच्या वेळी तर दर उन्हाळ्यात सगळा गाव उतरायचा गाळ काढायला."

"तवा तलाव मालगुजाराचा होता, त्याचा धाक होता. मंग सरकारचा झाला. आमी म्हनलं, सरकार काढंन. सरकारनं म्हनलं, गाववाले काढतीन. गाळ कोनासाठीच थांबला नाही, सुमे. अन् पानीही आता पहिल्यासारखं पडत नाही."

"मला कळवलं नाहीस."

"काय कळवू? तू पत्रात दरखेपेस लिवते, तलावाले माझा नमस्कार सांग. मी सांगत होतो."

सुमती पायऱ्या उतरत गेली. शेवटच्या पायरीवर बसली, चपला काढल्या आणि पाय खाली सोडले. ते कोरड्या मातीला टेकले. लुगडं मांडीवर होतं. माझ्या जिभेवर एक वाक्य तयार होतं, बऱ्यापैकी टोकदार, मंडळात टाळी घेणारं. मी ते गिळलं आणि तिच्या शेजारी बसलो.

"सरांना काय लिहू?" थोड्या वेळाने ती म्हणाली.

"आटला म्हणून लिही."

"ते तर सगळेच लिहिणार आहेत. माझ्याकडे भरलेला मागितला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कळलं, काल वहिनी गुंड्या घेऊन कुठे गेली होती. गावातल्या विहिरीला तळ लागलेला. पाणी शिवेपलीकडच्या मळ्यातल्या विहिरीवरून, डोक्यावर. तिथे बायकांची रांग, त्यात आमची वहिनी.

"जावईबापू," दादा दात घासता घासता म्हणाला, "काल पायासंगं आंघोळही उरकली म्हने."

मी गुंडी उचलली आणि मळ्यातल्या त्या विहिरीवर गेलो. वहिनीने रांगेतूनच पाहिलं आणि ती ओरडली, "ठेवा, ठेवा ते! जावयानं पानी भरलं तं मी गावात तोंड कुठं दाखवू?"

"वहिनी, कालची बादली..."

"ते पाहुन्याची होती. पाहुन्याची बादली कोनी मोजते का जी?"

रांगेतल्या बायका खदखदून हसल्या. एकजण म्हणाली, "न्या वं बाई तुमच्या जावयाले घरी, नाहीतं हिरीतच उतरंन." मी गुंडी ठेवली. काही लोकांना आपण काही परत करू शकत नाही. ते करूच देत नाहीत.

निघताना वहिनीने सुमतीच्या ओटीत वाळवलेले शिंगाडे घातले. "तलावातलेच आहेत. पानी होतं तवाचे. जपून ठेवले होते."

परतीच्या गाडीत मी रुमाल टाकला नाही. उभा राहिलो उमरेडपर्यंत. सुमती खिडकीशी शिंगाड्यांची पुरचुंडी धरून बसली होती, आणि बाहेर जिथे जिथे पाण्याची खोलगट जागा दिसे तिथे तिथे तिची मान वळत होती.

घरी आल्यावर तिने ते लुगडं न भिजलेलं, घडी न मोडलेलं, तसंच कपाटात परत ठेवलं.

मग तो रविवार आला. सरांनी सगळी वर्तमानपत्रं गोळा केली. ठरल्याप्रमाणे जवळजवळ सगळ्यांची पत्रं आली होती. सरांच्या पत्रातली गोधडी संपादकांनी कापून तिचा रुमाल केला होता. माझ्या धुराड्यांतले विनोद काढून टाकल्यामुळे नुसता धूर उरला होता. सुमतीचं पत्र कोपऱ्यात, लहान होतं. मी ते बबनच्या ठेल्यावर उभ्याने वाचलं.

"आमच्या गावी पाहुणा आला की पाय धुवायला भरलेली बादली देतात. तलाव भरलेला होता तेव्हाही देत, आता आटला तरी देतात. ती किती लांबून आणली, हे पाहुण्याला सांगत नाहीत. परवा एका पाहुण्याने ती सगळी अंगणात ओतली. त्याचा दोष नाही. त्याच्या घरी नळ आहे. आपण सगळेच सध्या त्या पाहुण्यासारखे आहोत, आणि बादली आणणारे काही बोलत नाहीत."

"वहिनीनं जबरदस्त लिवलं जी," बबन म्हणाला. "अन् हा पाहुना कोन असंन, बेकूफ?"

"असेल कोणीतरी," मी म्हणालो.

वर्तमानपत्रं आली म्हणून आभाळ काही भरून आलं नाही. वर्ध्याहून दोन नवीन माणसांनी मंडळात यायचं म्हणून पत्रं टाकली, आणि बबनने ठेल्यावर सुमतीचं कात्रण चिकटवलं, एवढं झालं. कोणाला नागभीडकडे जायचं असेल तर जरूर जा, गाडी अजून सुटते. दारात बादली ठेवलेली असेल. पायांपुरतीच घ्या.

त्या संध्याकाळी नेहमीसारखा नळ आला. मी बादली भरली आणि जिना चढू लागलो. वर सुमती गाद्या काढत होती. मधल्या वळणावर थांबलो. खाली, आमच्या गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी रांजण आहे. तो कोण भरतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी उलटा खाली उतरलो. रांजणात हात घातला तर तळच लागला. बादली ओतली, वर झाकण ठेवलं, त्यावर पेला उपडा घातला.

वर आलो तेव्हा सुमती अनवाणी पाय आलटून पालटून उचलत उभी होती.

"आज गच्ची तापलेलीच आहे," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो, आणि गादीचं एक टोक धरलं.